टेन्शनची घुंडी

जावयाने सासूशी बोलायची काही रीत असते की नाही? सासूने विचारावं, "दोरा मागवला का?" तर म्हणे, "टेन्शन घेऊ नका, आई." माल वेळेवर गेला का, टेन्शन घेऊ नका. छताचा पंखा कुरकुरतोय तो दुरुस्त केला का, टेन्शन घेऊ नका. एकदा तर बाईंना नुसता ठसका लागला, तरी पाण्याचा पेला पुढे करत स्वारी म्हणाली, "टेन्शन घेऊ नका." अरे, पाणी दे नि गप बस! पण जावई पडला. त्याला अरे म्हणता येत नाही, कारे म्हणता येत नाही. "जावईबापू, जावईबापू" करत जीभ गोड ठेवायची आणि गिळलेला राग पोटात आंबवत बसायचा.

मोठ्या बाईंना गोडबोल्या माणसाचा पहिल्यापासून संशय. त्यांचं म्हणणं असं, की ज्याच्या पोटात काही नसतं तो दुसऱ्याच्या पाठीवरून उगाच हात फिरवत नाही.

मोठ्या बाई म्हणजे खालच्या मजल्यावरच्या कारखान्याच्या मालकीण. नवरा गेला तेव्हा पदरात दोन पोरं आणि भाड्याचं एक शिवणयंत्र. शाळेशी त्यांचं लहानपणीच वाजलं होतं. सही करता येते, आकडे वाचता येतात, बाकी सगळा कारभार जिभेवर आणि अंगठ्यावर. विजेच्या खांबावर चढणारी माणसं कमरेला जे सेफ्टी बेल्ट बांधतात ते या कारखान्यात शिवले जायचे. जाड नायलॉनची पट्टी, जाड दोरा, आत मऊ गादी. पट्टा शिवून झाला की गादी लावायच्या आधी बाई तो उलटा करायच्या आणि खालच्या शिवणीवरून अंगठा फिरवायच्या. अंगठा अडला नाही की पट्टा पास. अडला की शिवणारीच्या सात पिढ्यांचा उद्धार.

पण यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बाई वरच्या मजल्यावर अडकल्या. थोरला मुलगा वीज कंपनीत लाइनमन, त्याला कारखान्यात रस नाही. मग उरला जावई. आधी तो बिस्किटांच्या फॅक्टरीत सुपरवायझर होता. फॅक्टरी बंद पडली, तेव्हा लेक आणि जावई मागच्या खोलीत राहायला आले. बाईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "मी पायावर उभी राहीपर्यंत जावईबापू बघतील. नीट बघितलं तर किल्ल्या त्यांच्याच." तोंडातून शब्द गेला आणि तेव्हापासून बाईंची झोप गेली. किल्ल्या द्यायच्या म्हणजे कारखाना द्यायचा. आणि त्या पट्ट्यांना लटकून माणसं खांबावर काम करायची. त्यात पोटचा पोरगाही होता.

संशयाला पहिलं निमित्त झालं रुमालाचं.

लेक कपडे वाळत घालत होती. बाई खिडकीशी खुर्ची टाकून बसलेल्या. जावयाचा पांढरा रुमाल दोरीवर फडफडला आणि बाईंच्या नजरेला त्यावर लाल, गुलाबी, जांभळे डाग दिसले.

"इकडे आण गं तो."

"कशाला, आई? शाईचे डाग आहेत."

"शाई गुलाबी कधीपासून यायला लागली? आण म्हणते ना."

रुमाल नाकाशी नेला. धुऊनसुद्धा वास गेला नव्हता. नाकात झिणझिण्या आणणारा, गोडसर. नेलपॉलिश पुसायच्या औषधाचा वास बाईंना ओळखता येत होता, कारण सून, थोरल्याची बायको, दवाखान्यात नर्स. तिथे नखं रंगवलेली चालत नाहीत, म्हणून लग्नकार्याहून आली की आधी बाटली घेऊन बसायची. पण लेकीच्या नखांना उभ्या जन्मात रंग लागलेला नाही. मग ह्या रुमालाने कुणाची नखं पुसली?

लेक खाली मान घालून चिमटे लावत होती. दोन वेळा एकाच कपड्याला चिमटा लावला तिने. बाईंनी ते पाहून ठेवलं. लेकीचं खोटं बोलणं लहानपणापासून असंच, तोंडापेक्षा हात जास्त बोलायचे.

दुसरं निमित्त झालं शांततेचं. खाली शिलाईला ज्या बायका होत्या, त्यांच्यातली सगळ्यात जुनी म्हणजे हवालदारीण. तिचं खरं नाव कुणी घेत नसे. हुकूम सोडायची, शिट्टी मारल्यासारखी बोलायची, म्हणून हवालदारीण. ऑपरेशन झाल्यावर सुरुवातीला ती रोज जिना चढून यायची. आज याने हे केलं, आज याने ते केलं. जावयाला ती "बिस्किटवाला" म्हणायची. बाई वरवर रागवायच्या आणि आतून कान टवकारून ऐकायच्या. पण ते सगळं किरकोळ. जावयाने चहाची सुट्टी कमी केली, चपला रांगेत ठेवायला लावल्या, असलंच. आणि मग अचानक हवालदारीण यायची बंद झाली. बोलावणं धाडलं तर निरोप आला, काम आहे.

भांडणारी बाई गप्प झाली म्हणजे एक तर ती मेली, नाही तर तिने मनात काहीतरी धरलं. आणि हवालदारीण मेलेली नव्हती, तिचा खोकला वरपर्यंत ऐकू यायचा.

तिसरं निमित्त आवाजाचं. बाईंची आख्खी हयात मशीनच्या आवाजात गेलेली. जाड दोरा ताणलेला असला की अधूनमधून तुटतो. मशीन थांबतं, बाई शिवी देते, दोरा ओवते, मशीन पुन्हा चालू. कारखान्याचा श्वासच तो. आणि आता खालून नुसती एकसारखी घरघर यायची. थांबणं नाही, शिवी नाही. झोपलेल्या माणसाच्या घोरण्यासारखी.

"दोरा तुटत नाही वाटतं हल्ली?" बाईंनी जेवताना विचारलं.

जावयाचा चेहरा उजळला. "अजिबात नाही! माल किती वाढलाय बघाच तुम्ही. टेन्शन घेऊ नका."

"हे बघा जावईबापू," बाईंनी घास खाली ठेवला, "ते टेन्शन मी घ्यायचं की ठेवायचं ते माझं मी बघेन. आमच्याकडे टेन्शन म्हणजे मशीनवरची घुंडी. आवळली की दोरा ताणतो, सोडली की सैल. ती काय घ्यायची-द्यायची वस्तू आहे?"

थोरला हसला. "आई, आमच्याकडे हाय टेन्शन म्हणजे ज्या तारेला हात लावला की माणसाचा कोळसा होतो ती. आणि तार ओढतानाही टेन्शनच म्हणतो आम्ही. जास्त ओढली तर थंडीत आखडून तुटते. आणि ओढलीच नाही तर जमिनीवर लोळेल."

"आमच्या फायलींवर हायपरटेन्शन," सून म्हणाली. "रक्ताचा दाब. चढला तरी धावपळ आणि फार उतरला तरी धावपळ. पूर्ण उतरला तर मग धावपळ संपलीच."

"जेवताना असलं बोलू नये," लेक पुटपुटली.

"हा शब्द आहे का गावभरचा पाहुणा?" बाई म्हणाल्या. "ज्याच्या घरी जाईल त्याच्या ताटात जेवतो!"

जावयाला पुस्तकं वाचायची खोड. तो सरसावून बसला. "मुळात सगळ्यांचा अर्थ एकच आहे, आई. ताणणं. म्हणजे बघा, पाण्यालासुद्धा टेन्शन असतं. वरचा थर ताणलेला असतो, म्हणून तर किडा पाण्यावर चालतो, बुडत नाही."

"पाण्याला कसलं आलंय टेन्शन? त्याला काय जावई आहे?"

थोरल्याला ठसका लागला. सुनेने पदराआड तोंड लपवलं. जावईसुद्धा हसला. पण हसताना त्याने हात पुसायला खिशातून रुमाल काढला आणि त्यावर ताजा लाल डाग होता. बाईंचं हसू जागच्या जागी वाळलं. पाण्याच्या पोटात काय आहे ते सांगतोय, आणि स्वतःच्या खिशात काय आहे ते?

त्या रात्री बाईंनी मनातल्या मनात कारखान्यातल्या एकेका बाईला उभं केलं. ही नाही, तिला चार नातवंडं. ती नाही, तिचा नवरा पैलवान. नवीन आलेली ती कुरळ्या केसांची? तिची नखं कशी होती? आठवेना. मालकीण असून आपल्याला बायकांची नखं आठवत नाहीत, याचाच बाईंना राग आला.

सकाळी थोरला कामावर जाताना डबा घ्यायला आला. "काल नवीन पट्टे मिळालेत गँगला, आजपासून तेच. तुझ्याच कारखान्याचे," तो म्हणाला. "नवे कोरे. गादी काय मऊ आहे!"

"नीट बांध," बाई म्हणाल्या. दुसरीकडेच लक्ष होतं त्यांचं. त्यांना त्या नखवालीला रंगेहाथ पकडायचं होतं.

जावई माल घ्यायला बाहेर पडला, सून अजून ड्युटीवरून यायची होती, लेक न्हाणीघरात. बाईंनी काठी घेतली आणि जिना उतरायला सुरुवात केली. डॉक्टरने जिन्याला मनाई केली होती. पण डॉक्टरला काय, त्याचा जावई थोडाच रुमाल घेऊन फिरत होता!

बाई दारात उभ्या राहिल्या तशी मशीनं एकेक करत थांबली. कुणी उठलं, कुणी पदर सावरला. हवालदारीण बसूनच राहिली.

"हात दाखवा," बाई म्हणाल्या.

"काय?"

"हात पुढे करा सगळ्याजणी. नखं बघायचीत मला."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बाई काठी टेकत ओळीतून निघाल्या. आणि बघतात तर काय, एकीची नखं लाल, दुसरीची गुलाबी, तिसरीची जांभळी, चार नातवंडांच्या आजीचीसुद्धा अंगठ्यापुरती शेंदरी. बाईंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. एक असती तर गोष्ट वेगळी, इथे तर आख्खा कारखाना!

"तुम्ही सगळ्याच?" त्यांच्या तोंडून निघालं.

हवालदारणीने आपला हात त्यांच्या नाकासमोर धरला. लालभडक नखं. "आमच्या नखांकडे काय बघताय, बाई? तो रंग कायमचाच आहे. मशीनकडे बघा. काय दिसतं? दिसायचं ते दिसतच नाहीये."

बाई वाकल्या. आणि मग त्यांना कळलं.

ह्या कारखान्यात प्रत्येकीचं मशीन ठरलेलं. मशीनं जुनी, कुणाची स्प्रिंग थकलेली, कुणाची अजून तरणी. एकीच्या मशीनवर घुंडी जिथे ठेवायची तिथे दुसरीच्या ठेवली तर शिवण बिघडायची. म्हणून प्रत्येकीने आपापली जागा शोधून टेन्शनच्या घुंडीवर आपल्या नेलपॉलिशचा ठिपका दिलेला. दुसरीने चुकून घुंडी फिरवली तर ठिपका सांगायचा, बाई गं, परत ये. नेलपॉलिश कारखान्यात यायचं ते यासाठी. उरलंसुरलं नखांना. बाईंना हे सगळं ठाऊक होतं, पण संशयाच्या नादात आठवलंच नव्हतं.

आता एकाही घुंडीवर ठिपका नव्हता. घासून लख्ख पुसलेल्या घुंड्या, सगळ्या एकाच आकड्यावर, आणि वरून चिकटपट्टी.

"कुणी केलं हे?"

"बिस्किटवाल्याने," हवालदारीण म्हणाली. "म्हणाला, प्रत्येकीचं वेगळं कसं चालेल, सगळा माल एकसारखा हवा. बिस्किटं आहेत का ही? घुंड्या सैल करत करत त्या आकड्यावर आणल्या, जिथे कुणाचाच दोरा तुटत नाही. आम्ही ठिपके द्यायचो, हा औषध लावून पुसायचा. आम्ही परत द्यायचो, हा परत पुसायचा. शेवटी पट्टी चिकटवली."

"आणि तू मला सांगायला वर आली नाहीस?"

"तो म्हणाला, मोठ्या बाईंनी कारभार माझ्यावर सोपवलाय, त्यांच्या डोक्याला त्रास द्यायचा नाही. मी म्हटलं, सोपवलाय ना? मग भोगा."

"भोगा?" बाईंचा आवाज चढला. "कुणी भोगायचं? अगं, पट्टा तू बांधतेस की मी?"

हवालदारणीने मान फिरवली.

बाईंनी तयार मालातला एक पट्टा उचलला. वरून शिवण सुरेख, सरळ, एकसारखी. पण खाली अंगठा फिरवावा तर गादी लावलेली. "गादी लावायच्या आधी कोण बघतं?"

बायका एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. शेवटी कुरळ्या केसांची म्हणाली, "साहेब म्हणाले दोरा तुटत नाही, मग तपासायचं कशाला? वेळ जातो."

बाईंनी पातं मागितलं. गादीची कड कापली आणि पट्टा उलटा केला. खाली दोऱ्याचे वेटोळे लोंबत होते, मोकळे, लोळणारे. बाईंनी एक वेटोळं नखात धरून ओढलं. शिवण सरसर उसवत आली, जशी काही ती शिवलीच नव्हती, नुसती ठेवली होती.

आणि तेव्हा बाईंच्या कानात थोरल्याचं वाक्य वाजलं. काल नवीन पट्टे मिळालेत गँगला, आजपासून तेच.

त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. खांबावर चढलेला माणूस फोन कसा उचलेल?

जावई दारात आला तो हातात दोऱ्याची खोकी घेऊन, हसतमुख. "अरे वा, आई खाली आल्या! मला तुम्हाला सरप्राइज द्यायचं होतं..." आणि मग त्याला बाईंच्या हातातला पट्टा दिसला.

बाईंनी उसवलेला दोरा त्याच्या हातात दिला. "हे पट्टे थोरल्याच्या कमरेला आहेत, जावईबापू. आत्ता. वर."

त्याने दोऱ्याकडे बघितलं. बाईंनी कान टवकारले, आता तो नेहमीचं वाक्य म्हणेल म्हणून. म्हणाला असता तर काठी डोक्यात बसली असती.  पण त्याने खोकी तिथेच टाकली आणि तो पळाला. स्कूटरचा आवाज गल्लीच्या टोकाला विरला.

मग वाट बघणं. बाई खालीच बसून राहिल्या, हवालदारणीच्या स्टुलावर. सून ड्युटीवरून आली, तिने बाईंच्या दंडाला पट्टी गुंडाळून फुगा दाबला, काटा बघितला आणि ओठ चावला. "फार चढलंय, आई. वर चला, पडून राहा."

"राहू दे चढलेलं. तुझा नवरा उतरला की माझंही उतरेल."

लेक कोपऱ्यात उभी राहून रडत होती. "मला ठाऊक होतं ते ठिपके पुसतात ते. मला वाटलं, स्वच्छता करतायत. म्हणाले, आईंना सांगू नकोस, किल्ल्या घ्यायच्या दिवशी दाखवू, खूश होतील."

 बाईंचा जावयावरचा एक संशय गेला होता, त्याच्या जागी दुसरा येऊन बसला होता. हा माणूस स्कूटरवरून तिथे जाऊन सांगणार तरी काय? सरकारी कागदाचं काही निमित्त काढील. म्हणेल, पट्ट्यांवर शिक्का मारायचा राहिला, परत द्या. स्वतःची अब्रू झाकायला माणूस काय वाटेल ते बोलतो. आणि त्या बोलण्यात वेळ गेला तर?

थोरला आला तो जावयाच्या स्कूटरवर मागे बसून, दोघांच्या मध्ये पट्ट्यांचं गाठोडं. बाईंनी आधी त्याचे पाय बघितले, मग हात, मग तोंड. सगळं जागच्या जागी होतं.

"खाली ये म्हणून ओरडत होता," थोरला सांगायला लागला. अजून त्याला धाप होती. "मला वाटलं तुझंच काही बरंवाईट झालं. मी म्हटलं, काम संपवून येतो. तर हा खांबाला मिठी मारून ओरडला, पट्ट्यावर भार देऊ नकोस, शिवण सैल आहे, माझी चूक आहे, मी केलंय! आख्खी गँग ऐकत होती, आई. साहेब होते, रस्त्यावरची माणसं होती. हा आपला तेच. माझी चूक, माझी चूक. मी हाताने खांब धरून उतरलो. खाली येऊन बघतो तर एका बाजूची शिवण दोन बोटं उसवली होती."

सुनेने नवऱ्याचा दंड धरला आणि सोडला नाही. हवालदारीण तोंडात पदर घालून भिंतीकडे वळली. तिलाही कळत होतं, तिच्या गप्प बसण्याचे धागे त्या दोन बोटांत होते.

जावई दाराशीच उभा. शर्ट घामाने भिजलेला, ओरडून ओरडून आवाज बसलेला. आत यावं की नाही, त्याला कळत नव्हतं. बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. त्यांना त्याचा राग येत होता आणि त्या रागाला नेहमीची धार लागत नव्हती, याचाही राग येत होता. काठी टेकून त्या उठल्या.

"या आत, जावईबापू. ऐका. तुम्ही चोर आहात असा माझा संशय होता. बाहेरख्याली आहात असाही होता. दोन्ही नाही, हे बघितलं मी. पण चोर असता तर मला सोपं होतं, चोराचं काय करायचं ते मला येतं. तुम्ही निघालात शहाणे. शहाण्याला न विचारता सगळं ठाऊक असतं, म्हणून त्याच्यावर दुप्पट पहारा लागतो. किल्ल्या मिळणार नाहीत. हे सगळे पट्टे उसवायचे, तुम्ही, स्वतःच्या हाताने, हवालदारणीच्या शेजारी बसून. आणि तिने तोंड उघडलं नाही म्हणून तीही उसवेल, मजुरी न घेता. ती ज्या दिवशी मला येऊन सांगेल, की बाई, हा माणूस करायच्या आधी मला विचारतो, त्या दिवशी किल्ल्यांचं बघू. खांबाखाली उभं राहून चार लोकांत ओरडलात, म्हणून हे तरी म्हणतेय. नाहीतर आत्ता तुमची ट्रंक रस्त्यावर असती. चला, बसा. पातं जपून धरा, बोट कापून घ्याल."